पवित्र भूमीला निघण्याआधी परतीची वाट ठरवा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वसई तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय ४३, नोकरी करतात. आई ६८ वर्षांची. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, गुडघे दुखतात, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. वडील गेल्यापासून आईने एकच ध्यास घेतला आहे, पवित्र भूमीची, म्हणजे प्रभू येशूच्या ठिकाणांची यात्रा. धर्मग्रामातून (चर्चच्या परिसरातून) ४० जणांचा गट नोव्हेंबरात निघतो आहे. जॉर्डन, इस्रायल आणि इजिप्त, ११ दिवस. माणशी ५० हजार आगाऊ भरायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. एजंट म्हणतो, ‘तिथले लोक रोज कामावर जातात. गट जातायत, येतायत. विमा काढलाय. काही झालंच तर सरकार आहे.’ ताईंच्या नवऱ्याचा ठाम नकार आहे. धाकटा भाऊ कुवेतला असतो आणि आई दरवर्षी त्याच्याकडे जाते, त्यामुळे पासपोर्टवर इस्रायलचा शिक्का बसला तर पुढे काय, ही वेगळीच काळजी. आई म्हणते, ‘तिथे मरण आलं तरी सोनं.’ ताई विचारतात, ‘आईबरोबर मी जाणार आहे. जाणं सुरक्षित आहे का? हो की नाही, तेवढं सांगा.’

ताई,

‘हो की नाही’ या एका शब्दावर तुम्ही तिकीट काढाल किंवा फाडाल, म्हणून तो शब्द लगेच देत नाही. आधी प्रश्नाकडेच पाहू. ‘सुरक्षित आहे का’ असं विचारताना आपण गृहीत धरतो की देशाची एक अवस्था असते आणि ती आपल्या अकरा दिवसांत तशीच राहते. गेल्या काही वर्षांच्या तारखा पाहा. ७ ऑक्टोबर २०२३ हा शनिवार होता, सुट्टीचा दिवस. १३ एप्रिल २०२४ च्या रात्री इराणहून ड्रोन आणि क्षेपणास्त्रं निघाली. १ ऑक्टोबर २०२४ ला पुन्हा क्षेपणास्त्रं आली. ४ मे २०२५ ला येमेनहून आलेलं क्षेपणास्त्र बेन गुरियन विमानतळाच्या आवारात पडलं आणि दिल्लीहून तेल अवीवला निघालेलं विमान अबू धाबीला वळवावं लागलं. १३ जून २०२५ ला इराणशी युद्ध सुरू झालं, विमानतळ बंद झाला. यातली एकही तारीख यात्रेकरूंना तिकीट काढताना ठाऊक नव्हती. आणि या तारखांच्या मधल्या दिवसांत अनेक जण जाऊन, मिस्सा (चर्चमधली उपासना) ऐकून, सुखरूप घरी आले. म्हणजे एजंट म्हणतो ते मधल्या दिवसांबद्दल खरं आहे आणि तुमचे यजमान म्हणतात ते त्या तारखांबद्दल. तुमचा पाचवा दिवस यातल्या कुठल्या बाजूला पडेल, हे दोघांनाही ठाऊक नाही.

म्हणून प्रश्न असा विचारा: पाचव्या दिवशी सकाळी विमानतळ बंद झाला, तर आई आणि मी कुठल्या नाक्यावरून, कुठल्या कागदावर, किती पैशांत बाहेर पडू, आणि तोवर आईच्या गोळ्या पुरतील का? ठरलेल्या मार्गाने फिरणाऱ्या यात्रेकरूला स्फोटाची झळ लागण्यापेक्षा अडकून पडण्याची शक्यता फार मोठी असते. आणि अडकण्याची तयारी घरबसल्या करता येते, ही त्यातली चांगली गोष्ट.

आता एजंटची वाक्यं एकेक करून घेऊ. ‘तिथले लोक रोज कामावर जातात.’ जातात, खरं आहे. पण त्यांच्या नव्या घरांत १९९० च्या दशकापासून कायद्यानेच जाड काँक्रीटची, पोलादी दाराची एक खोली असते, तिला ममाद म्हणतात. हल्ल्याचा इशारा देणारा भोंगा कुठला आणि कशाचा हे त्यांना झोपेतही कळतं. भाषा त्यांची, डॉक्टर त्यांचे, आणि विमानतळ बंद झाला तर ते घरीच असतात. तुम्ही बंद विमानतळाच्या चुकीच्या बाजूला असाल.

‘विमा काढलाय.’ त्या पॉलिसीची पूर्ण प्रत मागा, नुसतं प्रमाणपत्र नको. आपल्याकडच्या प्रवासविम्यात ‘काय मिळणार नाही’ या भागात युद्ध, आक्रमण आणि शत्रुत्वाची कृत्यं, मग युद्ध जाहीर झालेलं असो वा नसो, असं कलम जवळजवळ सगळीकडे असतं. आईचा रक्तदाब वाढून दवाखान्यात ठेवावं लागलं तर पैसे मिळू शकतात, पण आधीपासूनचा रक्तदाब आणि मधुमेह अर्जात लिहिलेला असेल तरच. गटाचा फॉर्म एजंटच भरतो तेव्हा नेमकी तीच जागा कोरी राहते. विमाकंपनीला ईमेलने तीन गोष्टी विचारा. भारत सरकारने त्या देशाबद्दल इशारा दिलेला असताना गेल्यास पॉलिसी चालू राहते का? भोंगा वाजल्यावर जिन्यावरून पडून खुबा मोडला, तर ते युद्धाच्या कलमात धराल का? नाके बंद असल्यामुळे मुक्काम वाढला, तर पॉलिसीचे दिवस आपोआप वाढतात का? उत्तर लेखी आलं तर ठीक. फोनवरच्या ‘हो मॅडम’ला किंमत नाही.

‘सरकार आहे.’ आहेच, आणि त्याने कामही केलं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ऑपरेशन अजय’ने विमानं पाठवून इस्रायलमधल्या भारतीयांना आणलं. जून २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंधू’ झालं, पण तेव्हा इस्रायलचं आकाशच बंद होतं, म्हणून लोकांना आधी बसने जॉर्डन आणि इजिप्तच्या सीमेपार नेलं आणि विमानं तिथून उडाली. युद्ध सुरू झाल्यापासून ती पहिली बस निघेपर्यंत आठवडा उलटून गेला होता. त्या आठवड्यात हॉटेलचं बिल, जेवण, गोळ्या हे सगळं ज्याचं त्याने पाहायचं होतं. सरकार सीमेपाशी हात देतं. हॉटेलच्या खोलीपासून त्या हातापर्यंतचं अंतर तुमचं तुम्हाला चालायचं असतं.

ते अंतर नीट समजून घ्या, कारण एजंटच्या रंगीत पत्रकात ते नसतं.

इस्रायलमधून यात्रेकरूला जमिनीवरून बाहेर पडायला चार नाके आहेत. उत्तरेकडच्या गालील भागाच्या दक्षिणेला, बेत शआन गावाजवळ शेख हुसेन पूल. तिबिरिया किंवा नाझरेथला असाल तर हा जवळचा. जेरुसलेमहून पूर्वेला उतरलं की यरीहोजवळ किंग हुसेन पूल, इस्रायली लोक त्याला ॲलेनबी म्हणतात. तो जेरुसलेमहून ४०-४५ किलोमीटरवर आहे आणि पलीकडे अम्मान तासाभराच्या अंतरावर. अगदी दक्षिणेला एलातहून दोन वाटा फुटतात: जॉर्डनच्या अकाबाकडे जाणारा वादी अरबा नाका आणि इजिप्तकडे जाणारा ताबा. ताबा एरवी चोवीस तास चालू असतो, पण जेरुसलेमहून एलात चार-साडेचार तासांवर आहे आणि रस्ता वाळवंटातून जातो.

किंग हुसेन पूल नकाशावर सगळ्यात सोयीचा दिसतो, प्रत्यक्षात तोच सगळ्यात लहरी आहे. शुक्रवार-शनिवारी तो लवकर बंद होतो. स्वतःची गाडी पुलावर नेता येत नाही, तिथली बस घ्यावी लागते. ८ सप्टेंबर २०२४ ला तिथे गोळीबार झाला आणि नाका बंद झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा तसंच घडलं. शिवाय ही जागा समुद्रसपाटीपेक्षा साडेतीनशे मीटरहून खाली आहे, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि रांगेत दोन-तीन तास जाऊ शकतात. तुमचा बेत नोव्हेंबरचा आहे म्हणून उन्हाचा त्रास कमी, पण आईसाठी घडीचं स्टूल आणि पाणी हातात ठेवाच.

खरी फसगत मात्र व्हिसाची होते. तुमचा मार्ग बहुधा अम्मानला उतरून जॉर्डन पाहणं, मग इस्रायल, मग ताबावरून इजिप्त आणि कैरोहून परत, असा असणार. हा क्रम वाईट नाही, बेन गुरियन विमानतळावर तुम्ही अवलंबून राहत नाही. पण जॉर्डनचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर इस्रायलमध्ये शिरताच तो संपला. सहाव्या दिवशी इजिप्तकडचा रस्ता अडला आणि मागे जॉर्डनला वळायचं ठरलं, तर हातात कागद नाही. किंग हुसेन पुलाने बाहेर पडून त्याच पुलाने मुदतीत परत आलात तर जुना व्हिसा चालतो. पण त्या पुलावर नवा व्हिसा मिळत नाही, आणि तुम्ही शेख हुसेन पुलाने इस्रायलमध्ये शिरला असाल तर ही सवलतही नाही. यावर उपाय साधा आहे. जॉर्डनचा दोनदा प्रवेशाचा व्हिसा घ्या. एकदा प्रवेशाला ४० दिनार आणि दोनदाला ६० असा दर राहिला आहे. वीस दिनार वाचवायची ही जागा नाही. इजिप्तचा व्हिसाही निघण्याआधी पासपोर्टवर किंवा हातात हवा. ‘ताब्याला करून देतो’ हे उत्तर स्वीकारू नका.

आणखी एक गोष्ट विचारा. व्हिसा तुमच्या नावाचा स्वतंत्र आहे, की चाळीस नावांची एक यादी गटप्रमुखाकडे असणार? यादीवरचा व्हिसा असला की एकटीला आईला घेऊन बाहेर पडणं अवघड होतं, गट हलेल तेव्हाच तुम्ही हलणार. २०२५ पासून भारतीयांना इस्रायलचा व्हिसा ऑनलाइन मिळू लागला आहे. दोघींचा स्वतंत्र करून घ्या, छापील प्रत पासपोर्टसोबत ठेवा.

आता भोंग्यानंतरच्या नव्वद सेकंदांबद्दल. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य राजकारणाचं नाही, जिन्याच्या कठड्याचं आहे.

गाझाहून रॉकेट आलं तर जेरुसलेम आणि तेल अवीवला भोंग्यानंतर आडोसा गाठायला साधारण दीड मिनिट मिळतं. इराणहून निघालेल्या क्षेपणास्त्राला यायला दहा-बारा मिनिटं लागतात, म्हणून तेव्हा फोनवर आधी सूचना येते आणि भोंगा नंतर वाजतो. लेबननच्या सीमेलगतच्या गावांत मात्र भोंगा आणि स्फोट जवळजवळ एकत्रच येतात. गालीलमधलं कफर्णहूम त्या सीमेपासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे, म्हणून उत्तरेकडची आघाडी तापलेली असेल तर गालीलचा मुक्काम गाळायचा, हे आधीच ठरलेलं हवं.

हॉटेलचं नाव आजच मागा आणि थेट हॉटेललाच लिहा: सुरक्षित खोली प्रत्येक मजल्यावर आहे की तळघरात? तळघरात असेल तर आईची खोली पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर हवी, कारण भोंगा वाजल्यावर लिफ्ट वापरायची नसते. पोहोचलात त्या संध्याकाळी, जेवणाआधी, आईला घेऊन खोलीपासून आडोशापर्यंत एकदा चालून या आणि घड्याळ लावा. रात्री उशाशी एक छोटी पिशवी: पासपोर्ट, गोळ्या, चष्मा, पाण्याची बाटली, चार्जर, बॅटरी. पलंगाखाली बंद बूट. काचा फुटलेल्या जिन्यावर सपाता चालत नाहीत. आडोसा गाठता येणार नाही असं वाटलं तर आतल्या जिन्यात, खिडकीपासून लांब, सगळ्यात वरचा मजला सोडून थांबायचं. उघड्यावर असाल तर जमिनीवर पालथं पडून दोन्ही हात डोक्यावर. बसमध्ये असाल तर चालक सांगेल तसं. बाहेर कधी यायचं हे तिथल्या होम फ्रंट कमांडच्या (नागरिकांचं संरक्षण पाहणाऱ्या लष्करी विभागाच्या) सूचनेवरून ठरवायचं. ‘आता बाहेर या’ असं येईपर्यंत आतच थांबायचं. पडलेल्या तुकड्याला हात लावायचा नाही, त्याचा किंवा सैनिकांचा फोटोही काढायचा नाही.

होम फ्रंट कमांडचं ॲप इंग्रजीतही आहे. ते लावताना तुमचं गाव आपोआप ओळखू देऊ नका, त्या दिवशीच्या मुक्कामाचं नाव हाताने निवडा. युद्धकाळात तिथे जीपीएसचे संकेत मुद्दाम बिघडवले जातात आणि फोन तुम्हाला बैरूतच्या विमानतळावर उभं असल्याचं दाखवतो. मग इशारा भलत्याच गावाचा येतो. नकाशेही ऑफलाइन उतरवून ठेवा, आणि हॉटेलचा पत्ता हिब्रूत लिहिलेली चिठ्ठी आईच्या पर्समध्ये असू द्या. मदतीचे आकडे: पोलीस १००, रुग्णवाहिका १०१, अग्निशमन १०२, होम फ्रंट कमांड १०४.

आईला हेही आधी सांगून ठेवा की धोक्याचा भोंगा खाली-वर होतो. जेरुसलेमला शुक्रवारी सूर्यास्ताआधी शब्बाथ (ज्यूंचा विश्रांतीचा दिवस) लागताना एकसुरी भोंगा वाजतो, तो धोक्याचा नाही. हे ठाऊक नसलेली म्हातारी माणसं त्या आवाजाने उगाच जिन्यावर धावतात आणि पडतात.

बेथलेहेमबद्दल वेगळं सांगायला हवं. बरेच गट तिथे मुक्काम करतात, कारण हॉटेलं स्वस्त पडतात. पण बेथलेहेम पॅलेस्टिनी प्रशासनाखाली आहे. तिथे ममाद नाहीत, सार्वजनिक आडोसे नाहीत, आणि तणाव वाढला की इस्रायल सगळ्यात आधी वेस्ट बँकेच्या (यार्देन नदीच्या पश्चिमेकडच्या पॅलेस्टिनी भागाच्या) चौक्या बंद करतं. जून २०२५ मध्ये तसंच झालं. त्या दिवसांत जेरुसलेमच्या जुन्या शहरातही बाहेरच्यांना सोडत नव्हते, प्रभूच्या कबरीचं मंदिरसुद्धा बंद होतं. म्हणून रात्रीचा मुक्काम जेरुसलेमला, नव्या इमारतीत. बेथलेहेमला सकाळी जाऊन गोठ्याच्या मंदिरात मिस्सा करून दुपारी परत. कार्यक्रमपत्रिकेत ‘बेथलेहेम, ३ रात्री’ असं असेल तर बदलून मागा. गटाने मिळून मागितलं की एजंट ऐकतो, माणशी थोडे पैसे वाढतील एवढंच.

कुवेतचं काय? इथे तुमची भीती खरी आहे, पण चुकीच्या शिक्क्यावर बोट ठेवते आहे. इस्रायल आता सहसा पासपोर्टवर शिक्का मारत नाही, एक छोटी निळी चिठ्ठी देतं. (ती देश सोडेपर्यंत जपा, बेथलेहेमहून परतताना चौकीवर विचारू शकतात.) बोट ठेवायचं ते शेजाऱ्यांच्या शिक्क्यांवर. ताब्याला इजिप्तचा प्रवेशाचा शिक्का बसतो, शेख हुसेन आणि वादी अरबाला जॉर्डनचा, आणि या नाक्यांच्या पलीकडे इस्रायलशिवाय दुसरं काहीच नाही हे कुठलाही अधिकारी ओळखतो. कुवेत इस्रायलला मानत नाही. किंग हुसेन पुलावर जॉर्डन एरवी पासपोर्टवर शिक्का मारत नाही. म्हणजे आईचं कुवेतला जाणं सांभाळायचं असेल तर त्याच पुलाने जाऊन त्याच पुलाने परत, अम्मानहून मुंबई, आणि इजिप्त गाळायचा. आपल्याला एका वेळी एकच साधा पासपोर्ट मिळतो, दुसऱ्याचा मार्ग नाही. मात्र आईच्या पासपोर्टची मुदत वर्षभरात संपत असेल आणि प्रवासाच्या दिवशी सहा महिन्यांहून जास्त उरलेली असेल, तर यात्रेहून आल्यावर नवा काढून मगच भावाकडे जाता येईल. कुठल्याही नाक्यावर खोटं मात्र बोलू नका. कुणी थेट विचारलं तर खरं सांगायचं आणि परिणाम स्वीकारायचा, ही तयारी नसेल तर तो मार्गच घेऊ नये. फेसबुकवर चाळीस जणांचा टॅग केलेला फोटो कुठल्याही शिक्क्यापेक्षा लवकर पोहोचतो, हेही गटात सांगून ठेवा.

गोळ्या: अकरा दिवसांच्या अधिक पंधरा दिवसांच्या. निम्म्या आईच्या पिशवीत, निम्म्या तुमच्या, मोठ्या बॅगेत एकही नाही. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासह घ्या, कारण आपल्या ब्रँडची नावं तिथे कुणाला कळत नाहीत. पैसे: दोघींत मिळून हजार डॉलर रोख, लहान नोटांत, गटाच्या खर्चापासून वेगळे. सीमेवरचं निर्गमन शुल्क, टॅक्सी, अम्मानमधल्या दोन रात्री आणि ऐनवेळचं जेवण यातून निघेल. कार्डावर विसंबू नका. शनिवारी, सणाला किंवा गोंधळात ती चालतीलच असं नाही. योम किप्पूरला तर तिथे विमानतळासकट सगळा देश बंद असतो. तो सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, तुमच्या तारखांना नाही. पण हे वाचून दुसरी तारीख ठरवणाऱ्यांनी पंचांग पाहावं तसं ज्यूंचं कॅलेंडर पाहावं.

तेल अवीवमधल्या भारतीय दूतावासाच्या संकेतस्थळावर दोघींची नोंद करा आणि तिथला चोवीस तासांचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा. बेथलेहेम भागासाठी रामल्लाला भारताचं वेगळं प्रतिनिधी कार्यालय आहे, त्याचाही क्रमांक घ्या. अश्दोद, लोद, दिमोना या गावांत आपल्या कोकणातून गेलेले बेने इस्रायली ज्यू आहेत, त्यांच्यातली जुनी माणसं अजून मराठी बोलतात. कुणाची ओळख निघाली तर फोन क्रमांक जवळ असावा, अशा वेळी आपल्या भाषेतलं एक वाक्यही धीर देतं. पण सूचना दूतावासाचीच पाळायची. रात्री भोंगे वाजत असताना चार जणांनी मिळून टॅक्सी करून सीमेकडे धावणं ही सगळ्यात वाईट कल्पना. रस्त्यावर आडोसा नसतो आणि नाका सकाळपर्यंत उघडत नाही. रात्र आडोशाजवळ काढायची, सकाळी नाका चालू असल्याची खात्री करायची, मग दुपारच्या आत निघायचं.

विमान निवडतानाही हाच विचार. २३ जून २०२५ ला इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली तेव्हा काही तासांसाठी कतार, कुवेत, बहरीन आणि अमिराती, सगळ्यांचंच आकाश बंद झालं. आखातातून जोडविमान असेल तर जाण्यायेण्याचा पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर हवा. दोन वेगळी स्वस्त तिकिटं जोडलेली असली तर पहिलं चुकल्यावर दुसऱ्याची जबाबदारी कुणाचीच नसते.

आता ते पन्नास हजार. लगेच भरू नका. आधी एजंटकडून लेखी घ्या, कंपनीच्या कागदावर किंवा ईमेलवर: परराष्ट्र मंत्रालयाने निघण्याच्या आधीच्या पंधरा दिवसांत ‘जाऊ नका’ असा इशारा दिला तर किती परत, किती दिवसांत? विमानकंपनीने उड्डाण रद्द केलं तर तिकिटाची पूर्ण रक्कम परत मिळायला हवी, ती मधल्या मध्ये ‘पुढच्या टूरला वळती’ तर करणार नाही ना? इस्रायलचा भाग रद्द झाला तर जॉर्डनमध्ये काय देणार? ‘दैवी आपत्तीत परतावा नाही’ एवढी एकच ओळ करारात असेल तर ती बदलून घ्या. नाही बदलली तर तिथे पैसे अडकवू नका. पैसे खात्यावर भरा, रोख नको, पावतीवर टूरचं नाव आणि तारीख हवी. पुढे वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण तिथेही हेच कागद मागतात.

राहिली आई. ‘तिथे मरण आलं तरी सोनं’ या वाक्याशी वाद घालू नका, ती तिची श्रद्धा आहे. तिला एवढंच शांतपणे विचारा की मरणाऐवजी मोडलेला खुबा आला तर? परक्या गावात, भोंग्यांच्या आवाजात, तुझ्या उशाशी मी एकटी, आणि बाकी अडतीस जण नाक्यावर थांबलेले. मरणाला तयार असलेली माणसं बहुतेकदा या प्रश्नाचा विचार केलेली नसतात. मग दुसरं विचारा: तुला नेमकं काय हवंय? यार्देन नदीच्या पाण्यात हात बुडवायचाय, जेरुसलेममध्ये क्रूसाच्या वाटेवर चालायचंय, की बाबांच्या नावाने तिथे मिस्सा द्यायचीय? आपण ‘पवित्र भूमी’ म्हणतो तेव्हा इस्रायलचाच नकाशा डोळ्यांपुढे आणतो. पण प्रभूच्या बाप्तिस्म्याची जागा, अल-मघतास, यार्देनच्या पूर्वेला आहे, जॉर्डनमध्ये. युनेस्कोने २०१५ मध्ये जागतिक वारशात घेतली ती हीच बाजू. नदी तिथे इतकी अरुंद आहे की पलीकडच्या काठावरचं गाणं ऐकू येतं. नेबो डोंगर जॉर्डनमध्ये, जिथून मोशेने वचनदत्त देश पाहिला. हवा स्वच्छ असेल तर तिथून यरीहो आणि जेरुसलेमच्या टेकड्या दिसतात. मादबाच्या चर्चमध्ये फरशीवर सहाव्या शतकातला, जेरुसलेमसह पवित्र भूमीचा नकाशा आहे. हे सगळं अम्मानपासून तासाभराच्या आत आहे, आणि अम्मानला विमानतळ आहे. जॉर्डन शंभर टक्के शांत असतं असं नाही, जून २०२५ मध्ये पाडलेल्या क्षेपणास्त्रांचे तुकडे तिथेही पडले आणि आकाशही काही वेळ बंद होतं. पण तिथे तुमच्या आणि घराच्या मध्ये एक सीमा कमी असते.

माझं मत विचारलंत, तर ते सांगते. क्रूसाच्या वाटेवर चालायचं असेल तर पायऱ्या, गुळगुळीत दगड आणि गर्दी आहे, आणि जुन्या शहरात आडोसे मोजके. आईच्या गुडघ्यांना ते जमेल की नाही हे युद्ध नसतानाही पाहावं लागलं असतं. व्हिसा दोघींचे स्वतंत्र, जॉर्डनचा दोनदा प्रवेशाचा, मुक्काम जेरुसलेमला, परताव्याची अट लेखी, एवढं झालं आणि आईची चाल त्या दीड मिनिटात बसली, तर जा. निघायच्या तीन दिवस आधी पुन्हा सगळं तपासा: मंत्रालयाचा आणि दूतावासाचा इशारा, विमान चालू आहे का, दोन्ही पूल उघडे आहेत का. यातलं एक जरी अडलं तर नाही, असं आजच आईशी आणि यजमानांशी ठरवून टाका, म्हणजे त्या रात्री बॅगा भरलेल्या असताना घरात भांडण होणार नाही. व्हिसा, मुक्काम किंवा परतावा जमत नसेल, किंवा चाल बसत नसेल, तर यंदा नेबो आणि यार्देन. यजमानांचा नकारही असा कागदावर मांडला की बहुधा मऊ होतो, त्यांना भीती परतीच्या वाटेचीच असते.

ती चाल घरीच पाहता येईल. येत्या रविवारी मिस्साहून आल्यावर आईला पलंगावर झोपायला सांगा. मोबाईलवर गजर लावा. ती उठून, चष्मा लावून, बूट घालून, पिशवी घेऊन दोन मजले उतरेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजा. एकदा दिवसा आणि एकदा रात्री, दिवे बंद करून. तुम्ही पुढे राहा, हात द्यायला. तो आकडा हाती आला की मग महिनाअखेरीच्या पन्नास हजारांचा विचार करा.